आधी मीटर, मग कान : जुन्या गिटार-अ‍ॅम्पचे पॉवर व्हॉल्व्ह निवडताना

जुन्या गिटार-अ‍ॅम्पचा आवाज मलूल झाला, खर्जातला जोर गेला किंवा स्पीकरमधून सतत गुणगुण येऊ लागली, की संशय आधी पॉवर व्हॉल्व्हवर येतो. ते रास्तही आहे. अ‍ॅम्पचे ट्रान्सफॉर्मर पन्नास-साठ वर्षे टिकतात, लाकडी खोके टिकते, स्पीकरही बऱ्याचदा टिकतो; पॉवर व्हॉल्व्ह मात्र वापराने झिजतात आणि कधी ना कधी बदलावेच लागतात. अडचण येते ती नवे घेताना. एकाच नावाचा व्हॉल्व्ह अनेक ब्रँडखाली मिळतो, प्रत्येकाच्या आवाजाचे ‘उबदार’, ‘स्वच्छ’, ‘गोलसर’ असे वर्णन केलेले असते, आणि गिटारवादक त्या विशेषणांतून निवड करू लागतो. माझे म्हणणे असे की अशी निवड चुकीच्या टोकाकडून सुरू होते. पॉवर व्हॉल्व्ह हा अ‍ॅम्पच्या विद्युतरचनेचा एक भाग आहे. त्याने किती व्होल्टेज सोसायचे आणि किती करंट वाहू द्यायचा, हे त्या रचनेने आधीच ठरवलेले असते. ते आधी पाहावे, मोजावे, आणि त्या कसोटीला उतरणाऱ्या व्हॉल्व्हांमधून मग कानाने निवडावे. हा क्रम पाळला तर आवाज चांगला मिळतोच, शिवाय ज्याला तोडीस तोड बदली मिळणे फार कठीण, तो मूळ ट्रान्सफॉर्मरही वाचतो.

हे समजण्यासाठी व्हॉल्व्हच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत मध्यभागी कॅथोड असतो. हीटरने तो तापला की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि सभोवतालच्या प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर शेकडो व्होल्टचा धन दाब असतो. या दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते, ती कंट्रोल ग्रिड. तिच्यावर ऋण व्होल्टेज दिले की इलेक्ट्रॉनांचा ओघ आवरला जातो. नळाची चावी थोडी फिरवताच धार बदलावी, तसा ग्रिडवरच्या छोट्या बदलाने प्लेटचा मोठा करंट कमीजास्त होतो. गिटारचा क्षीण संकेत आधीच्या लहान व्हॉल्व्हांतून वाढत येऊन शेवटी या ग्रिडवर पोचतो. पॉवर व्हॉल्व्हमध्ये आणखी एक जाळी असते, स्क्रीन ग्रिड. तिच्यामुळे प्लेटचे व्होल्टेज वरखाली झाले तरी करंट फारसा ढळत नाही. १९२६ साली फिलिप्स कंपनीत बर्नार्ड टेलेगेन यांनी त्यात तिसरी जाळी घालून पेंटोड बनवला. अमेरिकेत आरसीए कंपनीने १९३६ साली आणलेल्या ६एल६ मध्ये तिसऱ्या जाळीऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आकसून धरणाऱ्या पट्ट्या आहेत. या दोन घराण्यांतलेच व्हॉल्व्ह पुढे गिटार-अ‍ॅम्पमध्ये आले. ब्रिटिश अ‍ॅम्पमधले ईएल३४ आणि ईएल८४ पेंटोड घराण्यातले, तर अमेरिकन अ‍ॅम्पमधले ६एल६ आणि ६व्ही६ झोताच्या घराण्यातले. प्लेटचा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि तिथे त्याचे स्पीकरला पेलेल अशा कमी व्होल्टेजच्या, मोठ्या करंटमध्ये रूपांतर होते. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर या तिन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत. एक बदलली की उरलेल्या दोन्हींवरचा ताण बदलतो.

एक ठोस उदाहरण घेऊ : अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब. १९६३ साली आलेला हा साधारण २० ते २२ वॅटचा अ‍ॅम्प आजही मूळ रूपात जगभर वापरात आहे आणि त्यात ६व्ही६जीटी व्हॉल्व्हची जोडी असते. ६व्ही६ मुळात रेडिओसाठी बनला. त्याच्या जुन्या माहितीपत्रकात प्लेटवर जास्तीत जास्त ३१५ व्होल्ट आणि प्लेटवर उष्णतेच्या रूपाने जिरणारी शक्ती जास्तीत जास्त १२ वॅट अशा मर्यादा आहेत; पुढे मर्यादा मोजण्याची पद्धत बदलल्यावर त्या ३५० व्होल्ट आणि १४ वॅट झाल्या. फेंडरच्या आराखड्यात मात्र याच व्हॉल्व्हच्या प्लेटवर सुमारे ४१५ व्होल्ट दाखवले आहेत. तिथे आजची आणखी एक गोष्ट मिसळते. तो अ‍ॅम्प ११७ व्होल्टचा घरगुती पुरवठा गृहीत धरून बनला. आज अमेरिकेतल्या अनेक घरांत १२० ते १२५ व्होल्ट मिळतात. १२५ व्होल्टवर हिशेब केला तर प्लेटवरचे ४१५ व्होल्ट सुमारे ४४३ होतात आणि हीटरचे ६.३ व्होल्ट ६.७ च्या पुढे जातात. म्हणजे या अ‍ॅम्पसाठी व्हॉल्व्ह घेताना पहिला प्रश्न असा, की समोरचा ६व्ही६ साडेचारशे व्होल्टच्या आसपास निभावेल का? त्याचे उत्तर मिळेपर्यंत आवाजाच्या वर्णनाला काही अर्थ नाही, कारण महिनाभरात आतून ठिणगी पडून बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा आवाज कितीही गोड असला तरी तो उपयोगाचा नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो दमदार आहे. खुद्द कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांनीच माहितीपत्रकाची मर्यादा ओलांडली आणि ते अ‍ॅम्प दशकानुदशके वाजत राहिले, तर मग त्या आकड्यांना एवढे महत्त्व का द्यायचे? माहितीपत्रकातल्या मर्यादा रेडिओसारख्या तासन्‌तास चालणाऱ्या यंत्रात दीर्घ आयुष्य मिळावे म्हणून सावधपणे घातलेल्या होत्या, आणि फेंडरने त्या ओलांडल्या त्या काळाच्या अमेरिकन कारखान्यांतून येणाऱ्या दणकट ६व्ही६ च्या भरवशावर. शिवाय व्होल्टेज वाढवताना ग्रिडवरचे ऋण व्होल्टेजही वाढवून शांत अवस्थेतला करंट कमी ठेवला, त्यामुळे प्लेटवर जिरणारी शक्ती आटोक्यात राहिली. याचा अर्थ आराखडा आणि त्या काळचा व्हॉल्व्ह यांची जोडी विचारपूर्वक जुळवलेली होती. आज त्याच नावाने मिळणारा व्हॉल्व्ह वेगळ्या देशात, वेगळ्या साच्यांवर, वेगळ्या धातूंतून बनतो. फेंडरला ज्याची खात्री होती ती वस्तू आता बनत नाही. त्यामुळे फेंडरच्या धाडसाचा दाखला देणाऱ्यानेच नव्या व्हॉल्व्हची सहनशक्ती अधिक काटेकोरपणे पाहिली पाहिजे. वस्तुस्थिती अशी की ६व्ही६ नावाचे काही व्हॉल्व्ह या व्होल्टेजवर आरामात चालतात आणि काही चालत नाहीत. बनवणाऱ्याने दिलेली आजची मर्यादा वाचल्याशिवाय बाहेरून ते ओळखता येत नाही.

नाव एक आणि वस्तू दुसरी, हे या बाजारात नेहमीच दिसते. आरसीएने १९७६ साली असे व्हॉल्व्ह बनवणे थांबवले. ब्रिटनमधला मलार्डचा ब्लॅकबर्नचा कारखानाही पुढे या धंद्यातून बाहेर पडला. आज पॉवर व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत : रशियात साराटोव्ह शहरातला, स्लोव्हाकियात चाड्त्सा गावातला जेजे इलेक्ट्रॉनिकचा, आणि चीनमधले थोडे. साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, मलार्ड आणि जेनालेक्स गोल्ड लायन अशा निरनिराळ्या नावांचे व्हॉल्व्ह बाहेर पडतात. त्यातली मलार्ड आणि टंग-सोल ही नावे जुन्या कंपन्यांची आहेत, पण जुने साचे आणि जुने कारागीर त्यांच्याबरोबर आलेले नाहीत. ५८८१ या क्रमांकाची गोष्ट याहून बोलकी आहे. टंग-सोलने १९५० साली आणलेला ५८८१ हा ६एल६ चा मजबूत अवतार होता. सोव्हटेकच्या नावाने नंतर जगभर विकला गेलेला ५८८१ हा प्रत्यक्षात ६पी३एस-ई हा सोव्हिएत व्हॉल्व्ह आहे. तो कामाचा आणि चिवट आहे, पण टंग-सोलच्या मूळ रचनेशी त्याचे नाते एवढेच की तो तिच्या जागी बसतो आणि चालतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियातून होणारा व्हॉल्व्हचा पुरवठा एकाएकी अडला तेव्हा काही आठवड्यांत किमती चढल्या आणि हवा तो ब्रँड मिळेनासा झाला. ज्यांनी ब्रँडवर भिस्त ठेवली होती त्यांची पंचाईत झाली. ज्यांना आपल्या अ‍ॅम्पच्या गरजेचे आकडे माहीत होते त्यांनी मिळेल त्यातून चालणारा व्हॉल्व्ह शोधला.

नावाची ही संदिग्धता एकाच प्रकारापुरती असते तोवर निभते. धोका वाढतो तो व्हॉल्व्हचा प्रकारच बदलण्याच्या मोहाने. ६व्ही६ आणि ६एल६ यांचे आठ पिनांचे सॉकेट एकच, पिनांची मांडणीही जुळणारी, म्हणून ‘थोडा जास्त दम’ मिळवण्यासाठी डिलक्स रिव्हर्बमध्ये ६एल६ बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. इथे हिशेब करून पाहावा. ६व्ही६ चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६ चा ०.९. डिलक्स रिव्हर्बमध्ये सहा लहान व्हॉल्व्ह प्रत्येकी ०.३ अँपिअर, म्हणजे मिळून १.८ अँपिअर घेतात. ६व्ही६ च्या जोडीचे ०.९ मिळवले की एकूण २.७ होतात. ६एल६ बसवल्यावर हाच आकडा ३.६ वर जातो, म्हणजे हीटरच्या वाइंडिंगवर एक तृतीयांश जादा भार कायमचा येतो. प्लेटचा करंट वाढतो तो निराळाच. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बाजूही जुळत नाही : ६व्ही६ च्या जोडीच्या माहितीपत्रकात दोन प्लेटांमधला भार साधारण आठ हजार ओमचा सुचवलेला असतो, ६एल६ ची जोडी चार ते साडेपाच हजारांच्या आसपास खुलते. त्यामुळे अपेक्षित शक्तीही पुरती मिळत नाही. असे बदल करूनही अ‍ॅम्प चालू राहिल्याची उदाहरणे आहेत हे खरे. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याने ठेवलेली राखीव क्षमता तिथे कामी येते. पण ती राखीव क्षमता किती आहे हे खोक्यावर लिहिलेले नसते, आणि ती आज किती उरली आहे हे साठ वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या तारेवरचे आवरण जळल्यावरच कळते.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक आकडा येतो आणि तो बहुधा नजरेतून सुटतो. अमेरिकेतून आणलेला जुना अ‍ॅम्प मुंबईत किंवा पुण्यात २३० व्होल्टवर चालवायचा तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झच राहते. केवळ ६० हर्ट्‌झसाठी बेतलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात ५० हर्ट्‌झवर तेवढ्याच व्होल्टेजला सुमारे वीस टक्के जास्त चुंबकीय प्रवाह उभा राहतो, आणि काही न वाजवताही तो जास्त तापतो. निर्यातीसाठी बनलेल्या अ‍ॅम्पमध्ये याची तजवीज असते. फक्त अमेरिकन बाजारासाठी बनलेल्यात ती असेलच असे नाही. अशा अ‍ॅम्पला जास्त करंट घेणारे व्हॉल्व्ह लावणे म्हणजे आधीच तापलेल्या ट्रान्सफॉर्मरवर आणखी ओझे टाकणे आहे. इथे चोख मार्ग असा : बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरने १२० ऐवजी ११५ व्होल्टच्या आसपास पुरवठा द्यावा, मूळ प्रकारचाच व्हॉल्व्ह घ्यावा, आणि तोही कमी करंटवर नीट स्थिरावणारा.

प्रकार बदलू नयेतच असा याचा अर्थ नाही. बदलायचा तर रचनाही बदलावी लागते, एवढेच. मार्शल कंपनीचा इतिहास याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. लंडनच्या हॅनवेल भागातल्या आपल्या दुकानात जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साथीने १९६२च्या सुमारास जेटीएम४५ हा अ‍ॅम्प तयार केला तो फेंडर बासमनच्या आराखड्यावरून. सुरुवातीला त्यात अमेरिकन ५८८१ होते, पुढे ब्रिटनमध्ये सहज मिळणारे केटी६६ आले, आणि १९६६-६७ पर्यंत ईएल३४ स्थिरावले. ईएल३४ चा हीटर एकटाच १.५ अँपिअर घेतो, त्याला वेगळा बायस, म्हणजे ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज, लागतो आणि प्लेटला कमी ओमचा भार लागतो. म्हणून त्या प्रवासात ट्रान्सफॉर्मरही बदलत गेले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक मार्शलमध्ये ईएल३४ च्या जागी ६५५० बसवले गेले तेव्हाही बायस आणि ग्रिडचे रेझिस्टर बदलले गेले. ज्यांनी हे अ‍ॅम्प घडवले त्यांनी व्हॉल्व्ह बदलताना सोल्डरिंग आयर्न हाती घेतला. मग वापरणाऱ्याने केवळ सॉकेटमध्ये बसतो म्हणून व्हॉल्व्ह बदलणे कसे चालेल? एक बारीक तपशील पाहा. ईएल३४ ची तिसरी जाळी पिन क्रमांक १ वर स्वतंत्र येते आणि ती कॅथोडच्या पिन ८ ला जोडावी लागते. साठच्या दशकातल्या फेंडरमध्ये हीच पिन १ मोकळी समजून ग्रिडचा रेझिस्टर टाचायला वापरलेली असते. तिथे ईएल३४ तसाच खोचला तर गिटारचा संकेत नको त्या जाळीवर पोचतो.

आता बायसकडे वळू, कारण व्हॉल्व्ह निवडण्याच्या साऱ्या वादाचे मूळ इथे आहे. शांत अवस्थेत, म्हणजे काहीही वाजत नसताना, व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ग्रिडवरच्या ऋण व्होल्टेजने ठरते. फेंडरसारख्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये हे व्होल्टेज वेगळ्या मार्गाने पुरवले जाते, त्याला फिक्स्ड बायस म्हणतात. तंत्रज्ञांचा प्रचलित नियम असा की शांत अवस्थेत प्लेटवर कमाल मर्यादेच्या साधारण ७० टक्क्यांहून जास्त शक्ती जिरू नये. १४ वॅटच्या ६व्ही६ साठी ती ९.८ वॅट, प्लेटवर ४१५ व्होल्ट असतील तर करंट साडेतेवीस मिलीअँपिअरच्या आसपास येतो. जुनी १२ वॅटची मर्यादा धरली तर सुमारे २० मिलीअँपिअर. कॅथोडच्या वाटेत एक ओमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपिअर, आणि त्यात स्क्रीनचा थोडा करंट मिसळलेला असतो हे लक्षात घेतले की मोजणी पुरी. आता समजा, जुने व्हॉल्व्ह काढून नवे बसवले आणि बायस तसाच ठेवला. नव्या जोडीने त्याच ग्रिड-व्होल्टेजवर ४० मिलीअँपिअर घेतले तर प्लेटवर साडेसोळा वॅटहून जास्त जिरतील. मर्यादा ओलांडली जाईल, प्लेट लालसर दिसू लागेल आणि व्हॉल्व्ह लवकर संपेल. उलट नव्या जोडीने दहाच मिलीअँपिअर घेतले तर एका व्हॉल्व्हने काम सोडून दुसऱ्याने घेण्याच्या क्षणी लाट तुटते, आणि हलक्या हाताने वाजवलेल्या सुरांना कोरडी, करकरीत कड येते.

ब्रँडच्या आवाजाबद्दलचे बहुतेक अनुभव याच ठिकाणी तपासून पाहावे लागतात. दोन निरनिराळ्या कारखान्यांतले व्हॉल्व्ह एकाच बायसवर सहसा सारखा करंट घेत नाहीत. त्यामुळे एक काढून दुसरा बसवल्यावर ऐकू आलेला फरक ब्रँडचा असेल किंवा करंटचा असेल. करंट मोजून सारखा केल्याशिवाय ते सांगता येत नाही. जास्त करंटवर चालणारी जोडी भरीव आणि लवकर फुटणारी वाटते, कमी करंटवर चालणारी स्वच्छ पण थंड वाटते. वर्णनांमधले ‘उबदार’ आणि ‘तिखट’ बऱ्याच वेळा याचेच दुसरे नाव असते. त्यात जुन्या, थकलेल्या व्हॉल्व्हच्या जागी नवा आला की कोणताही नवा चांगलाच वाटतो. अनुभवी गिटारवादकाचा कान खोटे सांगत नाही. त्याने ऐकलेला फरक खरा असतो. प्रश्न त्या फरकाच्या कारणाचा आहे, आणि कारण शोधण्याचे काम एकट्या कानाला जमत नाही. म्हणून तुलना करायचीच तर दोन्ही जोड्या सारख्या करंटवर आणाव्यात, आवाजाची पातळी सारखी ठेवावी आणि मग ऐकावे.

याच संदर्भात जुन्या साठ्यातल्या न वापरलेल्या व्हॉल्व्हांचा प्रश्न येतो. मलार्ड, आरसीए, सिल्व्हेनिया अशा जुन्या कारखान्यांचे व्हॉल्व्ह उत्कृष्ट होते, यात शंका नाही. त्या काळी रेडिओ, दूरचित्रवाणी, दूरध्वनी आणि लष्कर मिळून कोट्यवधी व्हॉल्व्ह विकत घेत, त्यामुळे कच्च्या मालापासून तपासणीपर्यंत सारे काही काटेकोर ठेवणे परवडत असे. त्यांची सहनशक्ती हा त्यांना निवडण्याचा रास्त आधार आहे. पण किमती चढल्या तशी बनावटगिरीही वाढली : पुसट झालेली छपाई काढून दुसरे नाव छापणे, वापरलेला व्हॉल्व्ह नव्या खोक्यात घालणे. मलार्डच्या काचेवर तळाजवळ आम्लाने कोरलेला सांकेतिक क्रमांक असतो आणि त्यातले ‘बी’ हे अक्षर ब्लॅकबर्नचे. नुसत्या छापील नावापेक्षा ही खूण आणि आतल्या प्लेटची घडण अधिक विश्वासार्ह. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले. त्यातला ईएल८४ रेडिओ आणि रेडिओग्रामसाठी वापरला जाई आणि त्याचे जुने नग आजही संग्राहकांत मान राखून आहेत. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या जुन्या बाजारात किंवा जुन्या रेडिओ-मेकॅनिककडे असा नग मिळाला तर तो आनंदाचा भाग. पण पेटीवर काय लिहिले आहे यापेक्षा तो टेस्टरवर किती करंट देतो आणि त्यात वायू शिरला आहे का, हे पाहूनच घ्यावा. काचेच्या आतला चंदेरी मुलामा पांढरा पडला असेल तर हवा शिरलेली आहे, तो व्हॉल्व्ह संपला. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाक मात्र निरुपद्रवी असते.

काही अ‍ॅम्पमध्ये बायस जुळवण्याची सोयच नसते, कारण तिथे कॅथोडखालचा रेझिस्टर आपोआप करंट आवरतो. व्हॉक्स एसी३० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिथे चार ईएल८४ असतात, आणि ‘काढा, बसवा, वाजवा’ असा सल्ला त्याबाबत सर्रास दिला जातो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. व्हॉल्व्हने जास्त करंट घेतला की रेझिस्टरवरचे व्होल्टेज वाढून तो थोडा मागे खेचला जातो, एवढे बरोबर. पण एसी३० मध्ये चारही व्हॉल्व्हांना मिळून एकच रेझिस्टर आहे. चारांपैकी एक थकला आणि कमी करंट घेऊ लागला, की सामाईक व्होल्टेज उतरते आणि उरलेल्या तिघांना जास्त राबावे लागते. शिवाय ईएल८४ ची प्लेटची मर्यादा १२ वॅट, आणि या अ‍ॅम्पमध्ये ते शांत अवस्थेतही तिच्या वर चालतात. म्हणून इथे चारही व्हॉल्व्ह एकाच वेळी, सारखा करंट घेणारे आणि अधिक ताण सोसणारे घ्यावेत, आणि रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजून पाहावे.

जोडी जुळवण्याबद्दलही दोन टोकाची मते आहेत. एक म्हणते, काटेकोर जुळणी हवीच. दुसरे म्हणते, हा विक्रेत्यांनी किंमत वाढवण्यासाठी काढलेला मार्ग. खरी गोष्ट आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे पाहिल्यावर कळते. दोन व्हॉल्व्ह आलटून पालटून काम करतात तेव्हा त्यांचे शांत करंट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या वाइंडिंगमधून उलट दिशांनी वाहतात आणि गाभ्यातला त्यांचा परिणाम एकमेकांना खोडतो. या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात सहसा हवेची फट ठेवलेली नसते, त्यामुळे करंटमध्ये मोठी तफावत असेल तर गाभा एका बाजूला कलतो, खर्ज दुबळा पडतो आणि पुरवठ्याची गुणगुण ऐकू येते. दोन-चार मिलीअँपिअरच्या फरकाने असे काही बिघडत नाही, आणि विक्रेत्याच्या टेस्टरवरची जुळणी तुमच्या अ‍ॅम्पच्या व्होल्टेजवर तशीच राहील याचीही हमी नसते. तेव्हा जुळवलेली जोडी घ्यावी, पण तिच्यावर जादा खर्च करण्याआधी आपल्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही करंट मोजावेत. फेंडर चॅम्पसारख्या एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर जुळणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अनेकदा दोष व्हॉल्व्हचा नसतोच. जुन्या अ‍ॅम्पमधला बायसचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकला की ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज घटते आणि कितीही उत्तम व्हॉल्व्ह बसवला तरी तो लाल होतो. आधीच्या टप्प्यातून संकेत आणणारा कंडेन्सर झिरपू लागला की धन व्होल्टेज ग्रिडवर पोचते आणि तेच घडते. स्क्रीनचा रेझिस्टर जळाला, सॉकेटची पकड सैल झाली, गाळणीचे कंडेन्सर थकले, तर आवाज मलूल होतो आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी येतो. असे अ‍ॅम्प नवी जोडी खातात, पुन्हा नवी मागतात, आणि मालक ब्रँड बदलत राहतो. ही तपासणी घरी करण्याची नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टहून जास्त दाब टिकून राहू शकतो आणि तो जिवावर बेततो. म्हणून हे काम व्हॉल्व्हच्या यंत्रांची सवय असलेल्या तंत्रज्ञाकडेच द्यावे. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालवू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारे व्होल्टेज त्याच्या वाइंडिंगचे आवरण भेदते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की संगीतासाठी घेतलेल्या वस्तूत संगीताला जागाच उरली नाही. उलट, मीटरचे काम संपले की कानाला खरी जागा मिळते. प्रकारांमधले फरक ठळक आणि अर्थपूर्ण आहेत : १९६६ सालच्या जॉन मेयॉल आणि एरिक क्लॅप्टन यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ अल्बममधला गिटारचा आवाज केटी६६ च्या मार्शलमधून आला, पुढच्या रॉकमधला दाट, कुरकुरीत मध्यम सूर ईएल३४ च्या मार्शलचा, फेंडर ट्विन रिव्हर्बचा मोठ्या आवाजातही न फुटणारा स्वच्छपणा चार ६एल६ चा. हे फरक संगीतकारांनी ओळखले आणि त्यांच्यावर शैली उभारल्या. ज्याला ईएल३४ चा आवाज हवा त्याने ईएल३४ साठी बांधलेला अ‍ॅम्प घ्यावा. आपल्या अ‍ॅम्पला योग्य असलेल्या एकाच प्रकारातही ब्रँडनुसार थोडे फरक असतात, आणि करंट सारखा करून ऐकले की ते समजतात; त्यातला आवडेल तो निवडण्याचा हक्क वादकाचाच. पण आवाजात मोठा बदल हवा असेल तर स्पीकर बदलल्याने तो जितका होतो तितका एका ब्रँडकडून दुसऱ्याकडे गेल्याने होत नाही, आणि जुना स्पीकर पेटीत जपून ठेवून तो बदल केव्हाही मागे घेता येतो.

म्हणून जुन्या अ‍ॅम्पसाठी व्हॉल्व्ह घेताना खर्चाचा क्रम उलटा करावा. महागड्या दुर्मीळ जोडीसाठी राखलेल्या पैशातला पहिला हिस्सा तंत्रज्ञाला द्यावा : थकलेले कंडेन्सर बदलून घ्यावेत, घरातल्या पुरवठ्यावर प्लेटचे आणि हीटरचे व्होल्टेज मोजून कागदावर लिहून घ्यावे, बायस कुठवर जुळवता येतो ते पाहावे. तो कागद अ‍ॅम्पच्या आत ठेवावा. दुसरा हिस्सा मूळ प्रकारच्या, त्या व्होल्टेजला टिकेल अशा, विश्वासू विक्रेत्याने तपासलेल्या दोन जोड्यांवर खर्च करावा. एक बसवण्यासाठी, एक राखीव, कारण पुरवठा अडला की काय होते ते २०२२ ने दाखवले आहे. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशात आवडीचा ब्रँड जरूर घ्यावा. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी विचारपूर्वक जुळवलेली रचना पुढच्या पिढीच्या हाती चालू स्थितीत द्यायची असेल, तर व्हॉल्व्हच्या पेटीवरच्या नावापेक्षा त्या कागदावरचे आकडे तिच्या जास्त उपयोगी पडतील.